देवराईचे दोन फेरे

सांगलीहून निघालेली मोटार कोळशाच्या गॅसवर चालणारी. पेठ गाव सोडल्यावर चढ लागला तशी ती दमली आणि आम्ही उतरून ढकलायला लागलो. काळी टोपी घातलेला एक गृहस्थ तेवढा छत्री धरून बाजूला उभा राहिला. मला तो तिथेच खटकला. मी हळदीच्या पेढीवर नोकरीला. हळकुंड मोडून पाहिल्याशिवाय त्याला पिवळं म्हणत नाही.

बरोबर ही आणि आमची चार वर्षांची सुमन. कुणी विचारलं तर शिराळ्यापलीकडची देवराई (देवाच्या नावानं राखलेलं रान) पाहायला चाललोय, असं सांगायचं ठरलं होतं. बायकापोरांना सहज फिरता येईल अशी वाट तिथे आहे, हेही खोटं नव्हतं. खरं कारण निराळं. हिचा धाकटा भाऊ दत्तू सरकारविरुद्धच्या चळवळीत पडून दोन वर्षं फरारी होता, आणि 'त्या राईत या, भेट होईल' असा निरोप बाजारात एका अनोळखी माणसाने माझ्या कानात घातला होता. निरोप त्याचा की पोलिसांचा, कुणास ठाऊक! आपल्याच मागोमाग पोलीस त्याच्यापर्यंत पोचायचे, असं मी हिला दहादा बजावलं.

ही एवढंच म्हणाली, "मी जाणार. तुम्ही येताय का?"

शिराळ्याला छत्रीवाला पानाच्या दुकानाशी रेंगाळला. तो दिसेनासा होईस्तोवर मी बैलगाडी जुंपू दिली नाही. गाडीवान वाटभर एक शब्द बोलला नाही. तेही मला आवडलं नाही.

राईच्या तोंडाशी गुरवाची म्हातारी बसली होती. तिने आधी माझे बूट पाहिले, मग मला. कुठले, कोण, इकडे कशाला, सगळं विचारून झालं तरी तिचा चेहरा सैल होईना. हिने हळूच दत्तूचं नाव काढलं, तर असा कुणी इकडे नाही म्हणाली. मग आम्हाला अनवाणी करून आत नेलं.

आत ऊन म्हणून नाहीच. जांभूळ, हिरडा, अंजन, एकेक खोड चौघांच्या कवेत न मावणारं, आणि त्यांवर मांडीएवढ्या जाड गारंबीच्या वेली. पायाखाली पाल्याची गादी. झऱ्यापाशी तेवढं वरचा डोंगर दिसेल इतकं रान उघडं होतं. तिथे सुमन पाण्यात पाय बुडवून खिदळत होती, आणि मी झाडाझाडामागे पोलीस शोधत होतो. ओढ्याकाठच्या सातीआसरांना (पाण्यातल्या देवता) हात जोडून आम्ही पुन्हा तोंडाशी आलो. तिथे वरून उतरलेला एक धनगर म्हातारीच्या कानाशी लागला.

"आनि येक फेरा मारा," ती म्हणाली.

पुन्हा तीच झाडं, तोच झरा. आता मात्र माझी खात्रीच पटली. कुणी येईपर्यंत ही बया आम्हाला झुलवत ठेवते आहे.

फेरा संपल्यावर तिने नाचणीची भाकरी आणि माडगं (हुलग्याचं पातळ कालवण) वाढलं. भूक मला मरणाची लागली होती. माडगं झकास होतं. हिने आपल्या वाट्याची भाकरी सुमनला भरवली. भेट होत नाही हे ती समजून चुकली होती. मला ते पाहवेना. भेट नव्हती तर दोनदा फिरवलंत कशाला, असं मी तावातावाने विचारलं.

म्हातारीने माझ्याकडे पाठ केली. हिच्याजवळ सरकून म्हणाली, "तुमच्यामागं कोन आलंय ते आमाला काय ठावं, बाई? त्यो खाली येत न्हाई. वरनं बघतुया. पयल्या फेऱ्याला त्याची नजर भाचीवरनं हललीच न्हाई. मग सांगावा धाडला, ताईला बघायचं ऱ्हायलं."

ही उठली. राईबाहेरच्या मोकळ्या जागेत जाऊन तिने डोक्यावरचा पदर खाली घेतला, परक्यांदेखत कधी न घेतलेला, आणि डोंगराकडे तोंड करून उभी राहिली. मी सुमनला खांद्यावर घेतलं. वर पानसुद्धा हललं नाही.

राई पाहण्यासारखी आहे, असं मी ओळखीच्यांना सांगतो. परतीच्या मोटारीत मात्र राई माझ्या डोक्यात नव्हती. म्हातारीने नुसती समजूत तर घातली नसेल? वर कुणी होतं तरी का? सुमन झोपली होती.

"दिसलो असू ना हो आपण त्याला?" हिने विचारलं.

"दिसलो," मी म्हणालो. "नीट दिसलो."