नव्या माणसासमोर पान्हा

नांदुऱ्याच्या कॉलेजात मी जीवशास्त्र शिकवते. स्तनग्रंथीची आकृती डोळे मिटून काढते: पंधरा ते वीस खंड, त्यांत दूध तयार करणाऱ्या इवल्याशा पिशव्या, पिशव्यांतून निघून बोंडाशी उघडणाऱ्या नळ्या. तेवढा वेळ वर्ग बाकाकडे बघतो आणि मी फळ्याकडे. या धड्यावर आजवर कोणी शंका विचारलेली नाही.

मला आई नाही, म्हणून पहिलं बाळंतपण सासरी, सोनाळ्याला झालं. तिसऱ्या दिवशी लेकीचा रडून रडून घसा बसला होता. छाती दगडासारखी भरलेली, पण दूध थेंबभर उतरत नव्हतं. संध्याकाळपर्यंत पाजलं गेलं नाही तर बाळाला भरती करा, असं नर्सनं बजावलं होतं. मी फार घाबरले होते.

खाटेभोवती बाळ बघायला आलेल्या सात बाया बसल्या होत्या. प्रत्येकीकडे एकेक उपाय होता. मीही मागे राहिले नाही. मेंदूतून ऑक्सिटोसिन निघतं, ते पिशव्या आवळतं, मग दूध उतरतं, भीती वाटली की अडतं, असं सगळं नीट समजावून सांगितलं आणि रडायला लागले.

तेवढ्यात सासूबाई म्हशीचं दूध काढून आत आल्या. बादली खाली ठेवून म्हणाल्या, "उठा बायाहो. नवं माणूस उभं राह्यलं तं माही म्हैस पान्हवत नाही. हे तं मास्तरीण हाय."

"आम्ही काय नजर लावून राह्यलो काय?" एकीनं विचारलं.

"लावा, पण बाहेर बसून लावा."

त्यांनी दार लोटलं. म्हशीचे सड धुतात त्याच हातानं माझ्या छातीला कोमट फडकं लावलं. तिच्यापुढं सरकीची ढेप ठेवतात तसा माझ्यापुढं शिरा ठेवला आणि लेकीला जवळ दिलं. याला अपमान म्हणावं की सोय, हे ठरायच्या आत ती घटाघटा प्यायला लागली, आणि दुसऱ्या बाजूनंही दूध ठिबकायला लागलं.

"आई, तुम्हाला हे कसं सुचलं?" मी विचारलं.

"सुचते कायचं," फडकं पिळत त्या म्हणाल्या. "माह्या पहिलीच्या टायमाले बाया अशाच बसल्या होत्या. कोणी उठवलं नाही."

माझ्या नवऱ्याला थोरली बहीण होती, हे मला त्या दिवशी कळलं.