चुना लावलेली झाडं

अगं पोरींनो, इकडं सरका जरा. गेलेल्या माणसावर लिहिलेलं काय वाचायचं म्हणून लगेच पान उलटता तुम्ही. बरं नव्हं ते.

जुबेदाआपाला जाऊन महिना झाला. फोन आला तेव्हा मी गुलमंडीच्या बाजारात नातीच्या परकराचं कापड बघत होते. दुकानदारानं विचारलं, "कोण गेलं, मावशी?" म्हटलं, "आमच्या बायांच्या गटातली एक." मैत्रीण म्हणवलं नाही... खरं सांगते, मी तिच्यावर जळायचे.

पडेगावच्या पुढं डोंगरावर आम्ही बायांनी रान लावलं. कडुनिंब, साग, खैर, करंज, सगळं मिसळून. वाढता वाढता इतकं दाटलं की झाडाला झाड घासायला लागलं. विरळणी करायची ठरली आणि कुठलं पाडायचं म्हटल्यावर सगळ्यांनी आपाकडं बघितलं. मी काय कमी खड्डे खणले होते? पण ती पाचोळ्याखाली हात घालून ओल बघायची, अन् बाया तिच्या तोंडाकडं अशा बघायच्या, जशी काय डॉक्टरीणच आली. ओघळीच्या काठचं झाड तोडू नका, खुंट उपटू नका, तोडलेल्या फांद्या उताराला आडव्या टाका, माती अडते... ती सांगायची आणि माझ्या पोटात दुखायचं.

विरळणीच्या दिवशी सकाळी ती झाडांवरच्या चुन्याच्या पट्ट्यांचं समजावत होती. मी मुद्दाम पाठ फिरवून भाकरीचं फडकं सोडून बसले. मला काय शिकवते? जंगलखात्याच्या कामावर मीही गेलेली. खूण केलेलं झाड पाडायचं, एवढं मला ठाऊक होतं. कुऱ्हाड घेऊन ओघळीवर गेले आणि पट्ट्याची सात झाडं आडवी केली. आपानं पट्टे मारले होते ते राखायच्या झाडांना!

पावसाळ्यात तिथली माती वाहून खालच्या विहिरीत गेली. लोक हसले, "आपानं डोंगरालाच चुना लावला!" बैठकीत ती म्हणाली, "गलती माझी. पट्टे उलटे लागले." मी समोरच शेंगा सोलत राहिले. परतताना तिनं एवढंच म्हटलं, "सुमन, रूसना था तो मेरेपर रूसती. झाडांपर कायको?"

रडले का मी? नाय. आणखी जळले. दोष घेण्यातही हीच पुढं! पुढं दर उन्हाळ्यात ती त्या ओघळीत दगडाचा बांध रचायची, मला हाक मारायची. मी गेले नाही. मयतीला पार शहराकडच्या छावणीपासून माणसं आली, तेव्हाही मनात आलं, माझ्या मागं एवढी येतील का...

रान आता पुन्हा दाटलंय. परवा बैठकीत बायांनी चुन्याचा डबा माझ्यापुढं सरकवला, "आक्का, आता तूच लाव." जन्मभर हेच तर हवं होतं मला. डबा उचलला अन् तोंडातून निघून गेलं, ती सात झाडं मी पाडली होती, आपाचे पट्टे बरोबरच होते. मग एकीनं हळूच डबा माझ्या हातातून काढून घेतला.

आता रोज ओघळीत दगड रचायला जाते. आपाच्या बांधाचा एकही दगड हललेला नाही. मी रचलेला दोनदा ढासळला. गुडघे साथ देत नाहीत, पोरींनो. पाऊस लागायच्या आत या, दगड उचलू लागा. भाकर मी आणते.