जंकमध्ये बघितलंत का?

आमच्या कंपनीच्या कॉम्प्युटर सपोर्ट डेस्कवर किस्से डिलीट करायला बटण नाही, म्हणून ते साठत जातात. ऑफिस ठाण्यात, खोपटला. आम्ही दोघी, मी आणि मनीषाताई. कुणाचाही 'मेल आला नाही' असा फोन आला की विचारायचं, "जंकमध्ये बघितलंत का?" बहुतेक वेळा मेल तिथेच, नकोशा मेलच्या फोल्डरात पडलेला असतो. एवढ्यासाठी पगार मिळतो, हे मी सासरी सांगत नाही.

त्या आठवड्यात माझ्या ओवीची नर्सरीची सीट टांगणीला होती. डोंबिवलीच्या शाळेचा मेल आलेला: शनिवारी बारापर्यंत मेलवर होकार कळवा, नाहीतर सीट पुढच्या मुलाला. मी पाच मिनिटांत होकार पाठवला. पोच काही येईना.

*

सोमवारी परचेसचे देशमुखकाका. हेड ऑफिसचा एकही मेल त्यांना दिसेना. बघते तर सगळे जंकमध्ये. आधीचे काकांनी स्वतःच्या हाताने टाकलेले, वाचून झाला की एकेक.

"अहो काका, का?"

"वाचून झालेला पेपर तू कुठे टाकतेस? रद्दीतच ना?"

हे बघून बघून कॉम्प्युटर शिकला होता. आता तो काकांनी वाचायच्या आधीच रद्दीत टाकत होता. काकांना कौतुक वाटलं. "माझ्यापेक्षा फास्ट झाला की."

*

बुधवारी एचआरची शिल्पा. निवडलेली माणसं जॉइनच होईनात. तिने त्यांना पाठवलेल्या मेलचा विषय वाचला: 'अभिनंदन, तुमची निवड झाली, ताबडतोब इथे क्लिक करा.' पुढे चार फुगे.

"अगं, लॉटरीवाल्यांचा वाटतो हा. साधं 'नियुक्तिपत्र' लिही."

"मग त्यांना आनंद कसा होणार?"

"नोकरी लागलीय हे कळलं, की होईल," मनीषाताई म्हणाल्या.

शिल्पा गेल्यावर आम्ही पोटभर हसलो. मग ताईंनी माझ्या स्क्रीनकडे बघितलं. "शाळेला आज किती मेल पाठवलेस?"

"सहाच."

*

शनिवारी दुपारच्या पाळीला ऑफिसला जायच्या आधी शाळेत धडकले. पावणेबारा झाले होते. क्लार्क म्हणाले, "ओवीचा होकार आलेला नाही, मॅडम."

तोंडातून सवयीने निघालं, "जंकमध्ये बघितलंत का?"

"बघायचं काय त्यात? मीच टाकतो ना. एक बाई आहे, रोज सहा-सात मेल. 'अर्जंट', 'अतिअर्जंट', 'प्लीज प्लीज रिप्लाय'. फ्रॉडवाले असेच असतात. पहिल्याच दिवशी न उघडताच ब्लॉक केली तिला, आता सगळे थेट जंकमध्ये."

"उघडा जरा," मी म्हटलं.

त्यांनी फोल्डर उघडला. वरपासून खालपर्यंत माझंच नाव. त्यांनी स्क्रीनकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, सगळ्यात खालचा मेल उघडून वेळ तपासली आणि गुपचूप रजिस्टर पुढे ओढलं. ओवीचं नाव लिहिलं. वडिलांचं लिहिलं. माझं लिहिलं.

"आईचा व्यवसाय?"

गळ्यातलं ऑफिसचं कार्ड मी ओढणीखाली सरकवलं.

"गृहिणी," म्हटलं.