कोरसमधले जाधव सर

शनिवारी दुपारी वर्ग भरला होता आणि जाधव सर आले नव्हते. उशीर करणारा माणूस नव्हे तो. मुलं गोंधळ घालतात म्हणून मी वर गेले, तेवढ्यात त्यांच्या पुतणीचा, प्रज्ञाचा, फोन आला. सर खेडजवळ गावाला गेले होते, सकाळी छातीत दुखलं, दवाखान्यापर्यंतही... मुलांना मी काय सांगितलं ते आठवत नाही. तिसऱ्या बाकाचा कोपरा मात्र त्यांनी सरांसाठी रिकामा ठेवला होता, एवढं आठवतं.

हो, सर बाकावरच बसत. रत्नागिरीच्या आमच्या कॉलेजात नेतृत्व विकासाचा अभ्यासक्रम निघाला तेव्हा नुसती झुंबड उडाली. मुलं आली पुढारी व्हायला आणि सर शिकवू लागले अनुयायांविषयी. एकाला फळ्याशी उभं करायचे, आपण मुलांत बसायचे आणि मग विचारायचे, आता हा चुकला तर आपण काय करायचं? पीएच.डी.सुद्धा त्यांनी अनुयायांवरच केली. विषय बदला म्हणून मार्गदर्शकांनी किती विनवलं, पण पुढाऱ्यांवर कपाटं भरून पुस्तकं आहेत, मागच्यांवर एक फळी तरी भरू दे, असं त्यांचं म्हणणं. स्टाफरूममध्ये त्यांच्या विषयाला 'होयबाशास्त्र' हे नाव मीच दिलं होतं. घाटावरची बाई मी, जिभेला हाड नाही. सर हसले आणि म्हणाले, "मॅडम, यंदा जयंतीला आमच्या गावाला या."

गेले. बुद्धविहारासमोर मांडव, दोन गायनपार्ट्यांचा सामना. एका पार्टीचे बुवा, म्हणजे पुढे माइकवर गाणारे, ते सरांचे थोरले भाऊ, दादा. वडील मुंबईला नोकरीत, त्यामुळे सरांना वाढवलं, शिकवलं ते दादांनीच. सर मागे कोरसमध्ये, ढोलकीवाल्याच्या डाव्या हाताला, झांज घेऊन. सामना रंगला आणि दादांचा तोल गेला. समोरच्या बुवांच्या बायकोवरून त्यांनी आयत्या वेळी एक ओळ जुळवली. रिवाज असा, की बुवांनी ओळ टाकली की कोरसने ती उचलायची. झांज थांबली. मागचं कोणीच गाईना. दादांनी वळून तीच ओळ पुन्हा टाकली. तेव्हा सर हळूच म्हणाले, "दादा, ह्ये आमी नाय म्हननार."

सगळा गाव बघत होता. बापाच्या जागी असलेला भाऊ माइकसमोर एकटा पडला होता. मग सरांनीच झांज वाजवून मूळ गाण्याचं ध्रुवपद धरलं, कोरस मागोमाग आला आणि दादांना पुन्हा गाण्यात यायला वाट मिळाली. होयबाशास्त्र हा शब्द मी त्यानंतर कधी काढला नाही.

दादा मात्र पुढच्या जयंतीपर्यंत त्यांच्याशी बोलले नाहीत. सर तरीही प्रत्येक तालमीला एसटीने जात आणि आपल्या जागेवर बसत. कशाला जाता, असं मी एकदा चिडून विचारलं. "बुवा तेच आहेत ना आमचे," म्हणाले. दुखत होतं त्यांना, दिसायचं.

शनिवारचा वर्ग सध्या माझ्याकडे आहे. तिसऱ्या बाकावर गप्प बसून राहणं मला फार जड जातं. सरांना ते कसं जमायचं, विचारायला हवं होतं...

सरांच्या पुण्यानुमोदनाच्या विधीला मी त्यांच्या गावी गेले होते. वंदना झाली, मग गायनपार्टी बसली. दादा माइककडे जातील असं सगळ्यांनी धरलेलं. त्यांनी आपल्या लेकीला, प्रज्ञाला, पुढे केलं आणि स्वतः मागे जाऊन ढोलकीवाल्याच्या डाव्या हाताला, सरांच्या जागी बसले. जन्मात कोरसमध्ये न बसलेला माणूस, झांज कशी धरावी तेही शेजाऱ्याकडे बघून ठरवत होता. दुसऱ्याच कडव्याला पोरीचे शब्द अडले. तेव्हा मागून दादांनी ध्रुवपद धरलं, खालच्या सुरात, ती पुन्हा गाऊ लागेपर्यंत.