टिकली डाव्या कानाला

पेणमध्ये व्हिडिओ गेम बनवणाऱ्यांत माझं नाव पहिलं. म्हणजे गेममध्ये "होडी खाली घे" असं जो म्हातारा ओरडतो, तो मी. बाकी सगळं माझी पुतणी विद्या करते. सातवीनंतर शाळेनं माझा नाद सोडला, पण विद्याच्या खोलीतले किस्से मात्र न शिकता पाठ होत गेले.

गेम साधा. ब्राउझर उघडायचा आणि खाडीतून होडी धक्क्याला लावायची. न दिसणाऱ्यालाही खेळता यावं म्हणून सगळा कारभार कानांवर. धक्क्याची घंटा डाव्या कानात वाजली, की होडी डावीकडे.

*

रेकॉर्डिंगला विद्यानं पंखा बंद केला, दारं लावली. मी तोंड उघडलं आणि शिंक आली.

"काका, नाक पुसा. शिंक मी पुसणार नाय."

आता होडी खडकावर आपटली की माझी शिंक ऐकू येते!

*

विद्याच्या आईची, म्हणजे वहिनीची, बोटं संधिवातानं आखडलेली. तिच्यासाठी सगळा खेळ एका मोठ्या बटनावर आणला. होडी मधेच थांबवायची सोयही ठेवली. पण वहिनी कसली थांबते! दादा रिकाम्या ताटासमोर बसलेला.

"गेम थांबवता येतो ना गो?"

"येतो. तुमची भूक बी थांबते की जरा."

*

माझा दोस्त यशवंत निडी गावचा. साखरेच्या आजारात त्याची नजर गेली. गेम तपासायला तोच. माझा आवाज म्हणे "होडी खाली घे", आणि हा पठ्ठ्या दर वेळी डावं बटन दाबी. शिंकेवर शिंक! विद्या दुपारभर कॉम्प्युटरची चूक शोधत बसली. शेवटी त्यालाच विचारलं.

"खाली म्हंजे खाडीकडं," यशवंत म्हणाला. "लाटा डावीकडं वाजतायत."

खरंच की. रस्ता सपाट असला तरी धरमतरच्या खाडीला आम्ही 'खाली'च जातो. विद्यानं मला परत माईकसमोर बसवलं आणि "खालचं बटन दाब" म्हणवून घेतलं.

*

मग विद्यानं एक पण केला. यशवंतकाका एकटे, कुणी न सांगता धक्क्याला लागले तरच गेम नेटवर चढवायचा, नाहीतर सगळा मोडायचा. यशवंतानंही निडीभर सांगून ठेवलेलं.

हेडफोनच्या डाव्या कानाला तिनं टिकली चिकटवली, त्याच्या बोटाला कळावी म्हणून, आणि पाणी आणायला गेली. यशवंत अजून ओटीवर चप्पल काढत होता. मी टिकली उचलून उजव्या कानाला लावली. एक शिंक ऐकायची आणि सांगून टाकायचं, एवढाच बेत. पण विद्या आली ती फर्मान घेऊनच. आता कुणी तोंड उघडायचं नाही.

झाली पंचाईत. यशवंतानं टिकली चाचपली, हेडफोन चढवला. विद्या नखं खातेय, मी गणपतीला साकडं घालतोय. एक शिंक नाही. होडी सरळ धक्क्याला!

विद्या त्याच्या पाया पडली आणि तिनं तिथल्या तिथं गेम नेटवर चढवला. मला राहवेना.

"अरे यशवंता, टिकली उजवीकडं होती."

"खोलीत आधी तू होतास," यशवंत म्हणाला. "मग ती डावीकडं कशी असंल?"