तांडेलांचं सूप

शिरगावचे कमलाकांत तांडेल चाळीस वर्षं समुद्रावर गेले. गुडघ्यानं दगा दिला तेव्हा होडी पुतण्याच्या, दर्पणच्या हाती देऊन ते घरी बसले. घरात मात्र त्यांना एकच जागा नीट ठाऊक नव्हती, ती म्हणजे स्वयंपाकघर. तिथलं सगळं त्यांची बायको जमना बघायची. पहाटे बंदरावर, मग मासळीची पाटी घेऊन पालघरच्या बाजारात, आणि दुपारी परत आल्यावर गॅसपाशी.

गेल्या हिवाळ्यात अंगणात जवळा सुकत घालताना जमनाचा पाय घसरला आणि उजवं मनगट मोडलं. सहा आठवड्यांचं प्लॅस्टर. बोईसरला नोकरी करणारी त्यांची लेक सलोनी रविवारी आली, ती विजेचा स्लो कुकर घेऊनच.

"बाबा, सकाळी सगळं यात टाकायचं, बटण दाबायचं. दुपारी सूप तयार. मधे झाकण उघडायचं नाही."

"आग नाय, शिट्टी नाय, नि शिजणार कसं?" कमलाकांतांनी भांड्याला हात लावून पाहिलं.

सोमवारी जमना औषध घेऊन झोपली होती. कमलाकांतांनी सकाळी सातला डझनभर ओले बोंबील, टोमॅटो, आलं-लसूण आणि पाणी भांड्यात घातलं नि बटण दाबलं. एक वाजता झाकण काढून डाव फिरवला. बोंबील नाहीत! त्यांनी पुन्हा फिरवला. मग ते मागच्या दारी जाऊन मांजर शोधू लागले.

जमना उठून आली. तिनं भांड्यात वाकून पाहिलं आणि विचारलं, "किती वेळ ठेवलंत?"

"सहा तास."

"अवो, बोंबील दोन उकळ्यांचा धनी! सहा तासांत त्याचं पाणीच होणार ना!" तिला इतकं हसू आलं की प्लॅस्टरचा हात दुसऱ्या हातानं धरून ती पाटावर बसली. पडल्यापासून ती पहिल्यांदाच हसत होती. कमलाकांतही हसले, आणि दोघांनी तो पातळ रस्सा भाताबरोबर संपवला.

दुसऱ्या दिवशी जमना खुर्ची घेऊन स्वयंपाकघराच्या दारात बसली.

"चणे भिजवलेत ना? ते आदी टाका. कांदा, लाल भोपळा, हळद, मसाला. चिंच नको आता, चणे कडक रातात. सुकी कोलंबी, ते सोडे, नि शेवग्याच्या शेंगा शेवटच्या तासाला."

कमलाकांत सांगितलेलं करत गेले. दर पंधरा मिनिटांनी त्यांचा हात झाकणाकडे जायचा आणि जमना दारातून ओरडायची, "हात काडा!" दुपारी भोपळा रश्शात मिळून आला होता, चणे बोटानं दाबले की चुरत होते, आणि सोड्यांचा वास अंगणापर्यंत गेला होता.

सहा आठवड्यांत कमलाकांतांचा हात बसला. कधी गावठी कोंबडी, कधी तूर आणि वांगी. मीठ मात्र अजून जमनाला विचारूनच.

प्लॅस्टर निघालं, थोडे दिवस गेले आणि जमना पुन्हा बाजारात जाऊ लागली. पहिल्या दिवशी अडीच वाजता ती परतली, हातपाय धुतले आणि सवयीनं गॅसकडे वळली.

"बस," कमलाकांत म्हणाले. त्यांनी चण्याचं सूप वाडग्यात वाढलं, वर चिंचेचा कोळ आणि कोथिंबीर घातली.

जमनानं पहिला घोट घेतला. तीस वर्षं ती बाजारातून येत होती. बाजारातून आल्यावर कुणी गरम वाढलेलं ताट तिच्यापुढं आजवर आलं नव्हतं. तिनं वाडगा रिकामा केला आणि पुन्हा पुढं धरला.

"चांगलं झालंय काय?" त्यांनी विचारलं.

"नसतं झालं तर परत मागितलं असतं काय?"

खाऊन ती आत जाऊन आडवी झाली. थोड्या वेळानं शेजारची दीपा कुंपणापाशी येऊन मोठ्यानं हाक मारू लागली, तसे कमलाकांत ओठांवर बोट ठेवून बाहेर आले. "हळू. जमना झोपलीय." दुपारी आणि जमना झोपलीय? दीपाला ते खरंच वाटेना. त्यांनी तिच्या हातात सुपाची वाटी दिली.

संध्याकाळी दीपाचा नवरा अंकुश आला. जरा लाजत म्हणाला, "तांडेलकाका, चणे किती वेळ भिजवायचे?"