कान बसेपर्यंत

सरांनी पिल्लू माझ्या मांडीवर ठेवलं आणि म्हणाले, “घे पोरी. हा आता तुझा.” काकू, म्हणजे सरांच्या पत्नी, चहा घेऊन दारात उभ्या होत्या. त्यांनीही ऐकलं.

हे सर म्हणजे माझे शाळेतले गणिताचे शिक्षक. दहावीनंतर मी आमच्या गावी, झरीला, घरीच बसणार होते. सर आमच्या घरी आले, वडिलांशी बोलले आणि डहाणूच्या कॉलेजात माझं नाव घातलं. पदवी होईपर्यंत मी त्यांच्या चिखल्याच्या घरात, मागच्या खोलीत राहिले. आमच्या घरात माझ्याआधी कोणी कॉलेजचं फाटक पाहिलेलं नव्हतं. पदवीच्या फोटोत आई आणि वडिलांच्या मध्ये सर उभे आहेत. वडिलांनीच त्यांना हाताला धरून मध्ये घेतलं होतं. आता मी कासाला शाळेत शिकवते आणि भाड्याच्या खोलीत राहते. सरांनी मला छप्पर दिलं, पुस्तकं दिली, चुकल्यावर ओरडाही दिला. पण गरज नसताना, नुसत्या मायेने दिलेली गोष्ट ही पहिलीच.

पिल्लू ग्रेट डेन जातीचं, राखाडी, अंगाला न शोभणारे मोठे पाय. “कान मात्र बघ हं याचे,” सर म्हणाले. या जातीचे कान काही लोक कापून उभे करतात. न कापलेले कान पुढे घडी पडून गालाला टेकले पाहिजेत. याचा एक कान उलटा होऊन मागे पडायचा आणि दुसरा अर्धवट उभा राहायचा. दात येण्याच्या दिवसांत असेच राहिले तर बहुतेक कायमचे तसेच राहतील, असं गुरांच्या डॉक्टरांनी सांगितलं आणि काय करायचं ते दाखवलं. कानाला आतून मऊ कागदी टेप लावायचा, घडी हवी तिथे बोटाने दाबून कान पुढे आणायचा, मग दोन्ही कान हनुवटीखालून सैलसर पट्टीने जोडायचे. काही दिवसांनी खोबरेल लावून टेप सोडवायचा, कान पुसून पूर्ण वाळू द्यायचे, घडी चोळायची आणि पुन्हा टेप.

ऐकायला सोपं आहे. पिल्लू ती पट्टी पायाने ओरबाडायचं, भिंतीला घासायचं, पाण्याच्या भांड्यात तोंड घालून सगळं भिजवायचं. ओल राहिली की कानामागची कातडी लाल व्हायची. मग मी पुठ्ठ्याने वारा घालत बसायची. हळूहळू त्याला सवय झाली. टेप फाटल्याचा आवाज आला की ते आपणहून यायचं, हनुवटी माझ्या गुडघ्यावर टेकवायचं आणि डोळे मिटायचं.

सुट्टीत त्याला झरीला नेलं. जीपमध्ये शेजारच्या माणसाने विचारलं, “ताई, याला गालगुंड झालंय का?”

“दात दुखत असेल,” ड्रायव्हर म्हणाला. “पण त्याचंही तिकीट लागेल, पाय बघा केवढे आहेत!”

घरी वडील पोट धरून हसले. आमच्याकडे पिल्लाचे कान लहानपणीच कापतात, कुत्रा तिखट होतो म्हणून. “एवढं बांधत काय बसलीस? आण इकडे, आत्ता कापून टाकतो.”

“हात लावू नका बाबा, सरांनी दिलाय.”

सरांचं नाव निघालं आणि वडिलांनी हात मागे घेतला. कुत्र्याला कधी उंबऱ्याच्या आत न घेणाऱ्या आईने त्याला आत घेतलं आणि दुधात नाचणीची भाकरी कुस्करून दिली.

रविवारी सरांचा फोन यायचा. “कानांचे फोटो पाठव.” मी समोरून, बाजूने फोटो काढून पाठवायची. ते लिहायचे, “शाब्बास. तुझ्याइतकं मन लावून कोणी करणार नाही.” ही शाबासकी मी पुन्हा पुन्हा वाचली आहे.

दात येऊन झाले. टेप काढला तरी कान जागेवर राहू लागले. मी मोठ्या आनंदाने फोटो पाठवला. पुढच्या रविवारी सर गाडीने आले, सोबत वापीला राहणारा त्यांचा मुलगा. सरांच्या या मुलाला मी कॉलेजपासून दादा म्हणते.

मी आत चहा ठेवून बाहेर आले. दादा अंगणात उकिडवे बसले, पिल्लाचा एक कान उचलून सोडला, मग दुसरा.

“पप्पा, एकदम मस्त बसलेत.” मग मला म्हणाले, “मान गए हं तुला. पप्पा पहिल्या दिवसापासून सांगत होते, कान बसेपर्यंत तिच्याकडे ठेवू, ती करून देईल. पट्टा कुठे आहे याचा?”

मला वाटलं, जरा फिरवून आणणार असतील. तेवढ्यात त्यांनी पिल्लाला भलत्याच नावाने हाक मारली. पिल्लाने मान वळवली नाही.

“शिकेल,” दादा म्हणाले. “नाव तर आम्ही आणलं तेव्हाच ठेवलंय.”

मी सरांकडे पाहिलं. ते जास्वंदीकडे बघत होते.

“सर, तुम्ही माझा म्हणाला होतात.”

“अगं, तुझाच आहे. दादाकडे राहिला म्हणून काय परका होतो? आणि एवढं मोठं जनावर या खोलीत मावणार आहे का? तुझीच सोय बघतोय मी.”

“मग तेव्हाच सांगायचं होतं, सर. नुसतं सांभाळ म्हणाला असतात तरी मी केलं असतं.”

घरमालकीण मावशी दोरीवर कपडे वाळत घालत होत्या. त्यांना राहवलं नाही. “मास्तर, दिलेलं असं परत नेत नाहीत हो. कुत्रं असलं म्हणून काय झालं?”

सरांचा चेहरा उतरला. मावशींकडे पाठ करून ते मला म्हणाले, “तुला आजवर काही कमी केलं का आम्ही?”

मी आत जाऊन पट्टा आणला. पिल्लू गाडीत खुशीने चढलं, कारण मी त्याला चढ म्हटलं होतं.

घरी मी सांगितलं की खोली लहान पडत होती. वडिलांना खरं सांगायचं माझ्या जिवावर येतं. पण तेव्हापासून मी जुन्या गोष्टी उलटसुलट करून बघते. चिखल्याला असताना मी काकूंचे गुडघे चोळत असे, पाहुण्यांची उष्टी काढत असे, आणि मला वाटे की घरच्या मुलीसारखं वागवतात. आता वाटतं, तेव्हाही माझ्यामागे असंच काहीतरी बोललं जात असेल का? सरांनी मला शिकवलं हे खोटं होत नाही. ते खोटं असतं तर रागावणं तरी सोपं गेलं असतं.

महिनाभराने सरांचा फोन आला. “एक कान पुन्हा उलटा पडलाय. दादाला हात लावू देत नाही, अंगावर धावतो. तू वापीला एक चक्कर मार. गाडी पाठवतो.”

“कानामागे लाल झालंय का?”

“थोडं झालंय.”

मग आधी टेप लावू नका, म्हटलं. कातडी सुकू द्या. डॉक्टरांना दाखवा. टेप ओढून काढू नका, तेल लावून सोडवा. पट्टीखाली बोट जाईल एवढी ती सैल ठेवा. जे येत होतं ते सगळं सांगितलं. सर नुसतं “हं, हं” करत होते.

“एवढं कोण करत बसणार? तूच ये.”

“नाही येणार, सर.”

“काय म्हणालीस?”

“मी नाही येणार.”

फोन बंद झाला. त्यांनी फोन ठेवला की लाइन गेली, मला कळलं नाही. मी परत लावला नाही.